त्या ठिकाणी चाळीस टक्के

राज्याच्या डोक्यावरचं कर्ज ९ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलं आहे. मुद्रांक शुल्क वाढवून झालं, दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवून झालं. आता हात घालायला नवा खिसा उरला नाही, अशी वित्त खात्याची कुरकुर असेल तर आम्ही एक माल दाखवून देतो. तो इथे बारमाही पिकतो. त्याला पाणी लागत नाही, वीज लागत नाही, अवकाळीत तो भिजत नाही आणि हमीभाव नसूनही त्याचं पीक दरवर्षी विक्रमी येतं. तो माल म्हणजे कानाला खुपणारे शब्द.

वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ ला आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे टप्पे आवरून मुख्यतः ५ आणि १८ टक्के एवढेच ठेवले, आणि शीतपेयं, मोठ्या गाड्या अशा बड्या मंडळींसाठी ४० टक्क्यांची खास पंगत मांडली. शाम्पूपासून छोट्या मोटारीपर्यंत सगळ्यांची दखल घेतली गेली. बोलणं तेवढं राहून गेलं. अधिकाऱ्यांची अडचण आम्हाला कळते. पुढाऱ्याच्या भाषणाला वस्तू म्हणावं तर हाती काही लागत नाही, आणि सेवा म्हणावं तर कुणाची, ते सांगता येत नाही. तरीही कर लावता येईल. दर आम्ही ठरवून देतो.

४० टक्क्यांत बिनविरोध निवडून यावा असा उमेदवार एकच: ‘त्या ठिकाणी’. त्याचा सख्खा भाऊ ‘या ठिकाणी’ आणि चुलतभाऊ ‘जे काही’ यांनाही शेजारचे पाट द्यावेत. नमुन्यादाखल कुठल्याही भूमिपूजनाचं भाषण घ्या. ‘या ठिकाणी मी आपल्याला सांगू इच्छितो की, त्या ठिकाणी जो काही रस्ता आहे, त्या रस्त्याच्या संदर्भामध्ये साहेबांच्या माध्यमातून जो काही निधी त्या ठिकाणी आपल्याला उपलब्ध झालेला आहे, तर निश्चितपणे त्या ठिकाणी...’ इथे टाळ्या पडतात. वाक्य संपलेलं नसतं. श्रोते संपलेले असतात.

नवख्या माणसाला वाटतं, वक्ता जागा दाखवतोय. छे. ‘त्या ठिकाणी मला असं वाटतं’ यात ठिकाण कुठलं? वाटायचं ते मनात वाटत असेल, आणि त्या ठिकाणी अजून कुणाला जाता आलेलं नाही. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे. एका पावसाळी अधिवेशनातली सगळी ‘त्या ठिकाणी’ जमिनीवर आखायची म्हटली, तर बेळगाव-कारवार-निपाणी मिळूनही जागा कमी पडेल. बाकी कशावर नसलं तरी या शब्दांवर सत्ताधारी आणि विरोधक यांचं संपूर्ण एकमत आहे. आमदारानं पक्ष बदलला की तेही सोबत येतात, आणि अपात्रतेची याचिका त्यांच्यावर कुणी दाखल करत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. त्याच्या अभिनंदनाची भाषणं आधी झाली असती, तर फाइल आणखी दहा वर्षं पडून राहिली असती.

याच टप्प्यात ‘करण्यात येत आहे’ बसवावं, आणि त्यावर सवलत मुळीच देऊ नये. ‘त्या ठिकाणी’ निदान निरुपद्रवी आहे. वेळ खातं आणि जातं. ‘करण्यात येत आहे’ कर्ता खातं. खड्डे आपोआप पडतात, हे आपण मान्यच केलं आहे. ते ‘बुजवण्यात येत आहेत’ म्हटलं की बुजवणारा माणूस वाक्यातून पसार, आणि ठेकेदार गावातून. ‘चौकशी करण्यात येईल.’ कोण करणार? ‘कुणालाही पाठीशी घातलं जाणार नाही.’ ज्याला घातलं आहे तो पाठीमागेच उभा असतो, फोटोत दिसतो. या मराठीत निर्णय होतात पण कुणी घेत नाही, पैसे वितरित होतात पण कुणी देत नाही, आणि चुका तर घडतच नाहीत, त्या ‘निदर्शनास येतात’.

हा माल पुढे वृत्तवाहिन्यांकडे जातो आणि तिथे त्याचं मूल्यवर्धन होतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांवर गेली की ती धोक्याची पातळी. बातमी एवढीच: पंचगंगा धोक्याच्या पातळीवर. वाहिनीवर ती अशी येते: ‘पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडल्याचं आपल्याला त्या ठिकाणी पाहायला मिळतंय.’ पूर्वी सर्कस पाहायला मिळायची, गणपतीतले देखावे पाहायला मिळायचे. आता दरड कोसळलेली पाहायला मिळते, पूल वाहून गेलेला पाहायला मिळतो, आणि मंत्रिमहोदयांनी त्याची पाहणी केल्याचंही पाहायला मिळतं. एवढं सगळं फुकटात मिळत असताना लोक तक्रार कसली करतात, हे कळायला मार्ग नाही.

आणि बळीराजा! पीक उभं असेतो शेतकरी नुसता शेतकरी असतो. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं, आणि वाहिन्या तिथेच चिखलात त्याचा राज्याभिषेक उरकतात. सोयाबीन गेलं, राज्य मिळालं. पंचनामा होईपर्यंत ही राजवट टिकते. मदतीची यादी लागली की त्याचा पुन्हा ‘लाभार्थी’ होतो, आणि यादीत नाव नसलं तर काहीच होत नाही. ‘बळीराजा’वर कर लावताना एकच अट घालावी: रक्कम त्या राजाच्या खात्यावर जमा करावी.

इथे वाहिन्यांचे सनदी लेखापाल हरकत घेतील. ‘त्या ठिकाणी’वरचा कर पुढाऱ्यानं आधीच भरला आहे, आम्ही फक्त तो माल पुढे ढकलला, तेव्हा आम्हाला वजावट द्या. देऊ नये. या करात ‘रिव्हर्स चार्ज’ नावाचीही एक तरतूद आहे. तिच्यात माल देणाऱ्याऐवजी घेणारा कर भरतो. मराठी श्रोता वर्षानुवर्षं तेच करत आला आहे. आता थोडे दिवस पुरवठादारांनी भरावा.

१८ टक्क्यांत स्वयंपाकघर. हे वाचून काही वाचक नाराज होतील, पण पाककृतीचा कुठलाही व्हिडिओ लावा. ‘आता आपण यामध्ये छान असा कांदा ॲड करणार आहोत. मग मस्त अशी हळद ॲड करून घेऊयात.’ या घरात काय काय चालायचं! तेल सोडायचं, कांदा परतायचा, ताकाला पीठ लावायचं, भाजीत कूट घालायचं, तीळ भुरभुरायचे, कोथिंबीर पेरायची, वरून तुपाची धार धरायची. हाताची प्रत्येक हालचाल वेगळी म्हणून तिचं क्रियापद वेगळं. ही सगळी फौज एका ‘ॲड’नं गारद केली. मीठ ॲड, गूळ ॲड, आणि पदार्थ बिघडला की पाणी ॲड. पोळ्या आता कुणी लाटत नाही, ‘बनवतात’; चहा बनवतात, भात बनवतात, बेत बनवतात, आणि हे सगळं खाणाऱ्यालाही बनवतात. शिवाय ते ‘घेऊयात’, ‘पाहूयात’, ‘जाऊयात’. ‘जाऊ या’ म्हटलं तरी माणूस पोचतो. शेवटचा ‘त’ कुणी मागितला होता? त्या ‘त’वर वेगळा अधिभार लावावा, राज्याची महसुली तूट तेवढ्यावर भरून निघेल, असा आमचा अंदाज आहे.

५ टक्क्यांत किरकोळ माल: ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’, ‘लाइक’ आणि वाक्यागणिक ‘ना’. ही मुलं नोकऱ्या सांभाळून, लोकलमध्ये लोंबकळून बोलतात. त्यांच्यावर फार बोजा नको. ‘माझी मदत कर’ हेही इथेच. (मदत तुझीच असेल तर तू ती कर, बाबा.) अपवाद एकच. ज्याचं ‘ॲक्च्युअली काय झालं ना’ दहा मिनिटं चालतं आणि शेवटी काहीच झालेलं नसतं, त्याला वरच्या टप्प्यात चढवावं, आणि जमल्यास विधान परिषदेवर घ्यावं.

उच्चारांचं प्रकरण नाजूक आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि अक्षर एकच. माणसं ‘चार’ असतात तो च वेगळा, जनावरांच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. ‘जरा थांब’ मधला जरा निराळा, आणि म्हातारपण या अर्थाची संस्कृत ‘जरा’ निराळी. फोनमधून रस्ता दाखवणाऱ्या बाईंना हे कुणी सांगितलेलं नाही. त्या चिंचवडचे दोन्ही च एकाच मापानं मोजतात, आणि ‘जरा पुढे’ असं म्हणतात की गाडी म्हातारपणाकडे निघाली आहे असं वाटावं. पुण्याची वाहतूक पाहता त्यांची माहिती चूक नाही, म्हणून त्यांना माफी.

आता करमुक्त माल. ‘आनी’, ‘पानी’, ‘लोनी’ यांवर शून्य टक्के. नागपूरकडचं ‘करून राहिलो’, ‘काऊन’, मालवणचं ‘खंय’, कोल्हापूरच्या बायकांचं ‘मी आलो, मी जातो’, सगळं करमुक्त. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची लेवा गणबोलीतली गाणी १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकात आली आणि आचार्य अत्र्यांनी त्यांना प्रस्तावना लिहिली. ‘आधी व्याकरण दुरुस्त करून पाठवा’ असा शेरा मारून कुणी वही परत केली नाही, हे आपलं नशीब.

पण हा शेरा मारणारे आजही हयात आहेत, आणि ४० टक्क्यांच्या पंगतीतला शेवटचा पाट त्यांचा. बोरीबंदरला उतरलेली पोरगी ‘पानी कुठं भेटंल?’ विचारते, तेव्हा तिला तहान लागलेली असते. हे गृहस्थ तिला पाणी दाखवत नाहीत, ण दाखवतात. मग विचारतात, ‘भेटेल? पाणी काय तुझी वाट बघत उभं आहे?’ हा विनोद त्यांच्या आजोबांनीही केला होता, आणि तेव्हाही कुणी हसलं नव्हतं. ‘भेटंल’वर कर नाही, या विनोदावर आहे, व्याजासकट. शुद्ध भाषेचा हा पहारेकरी अरबीतून आलेल्या खुर्चीवर बसतो, फारसीतून आलेल्या कागदावर निषेध लिहितो, पोर्तुगीजांनी आणलेल्या बटाट्याचा वडा त्यांच्याच पावात घालून खातो आणि पगारही त्यांच्याच भाषेत घेतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही की ‘पानी’ ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याला महापालिकेच्या पत्रातलं ‘पाणीपुरवठा पूर्ववत करण्यात येत आहे’ हे मात्र उत्तम मराठी वाटतं. नळ कोरडा, पण ण शाबूत.

वसुली सोपी आहे. सभेच्या व्यासपीठावर आणि वाहिनीच्या स्टुडिओत एकेक मीटर बसवावा. रिक्षाचा मीटर जलद पळतो अशी ओरड असते. या मीटरबद्दल ती आली तर भाषण तपासावं, मीटर नव्हे.

सदर सदरातील प्रस्तावावर वाचकांनी हरकती व सूचना ३० दिवसांच्या आत पाठवाव्यात. कोणी काय केलं, ते नावानिशी लिहावं. ‘कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेलं पत्र आम्ही उघडणार नाही.