दाताच्या कण्या

रात्री साडेनऊला माझा मोबाइल टुणकन वाजायचा. त्या वेळी मी बातम्या बघत, मांडीवरच्या डब्यातला चिवडा चिमटी-चिमटीनं संपवत असायचो. पडद्यावर उमटायचं, ‘रात्री दात घासलेत का? होय १, नाही २’. पहिल्या दिवशी मी दाढेखालचा शेंगदाणा फोडत १ दाबला. लगेच उत्तर आलं, ‘शाबास!’ पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, पण इतकी स्वस्त शाबासकी मी कुणाला दिली नव्हती. उरलेला चिवडा जरा खारटच लागला.

हे प्रकरण सुरू झालं ते ब्रशवरच्या गुलाबी फेसापासून. हिरडीतून रक्त येत होतं. अशा वेळी शहाणा माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे त्या बाजूला घासणंच बंद केलं. महिन्याभरात दुसरी बाजूही गुलाबी झाली आणि घासायला जागाच उरेना, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाच्या. फाइल उघडत त्यांनी विचारलं, “काका, साखर किती?”

मी म्हणालो, “बिनसाखरेचाच चालेल.”

“चहातली नाही हो, रक्तातली.”

रक्तातली दहा वर्षांपासून आहे. वर्षातून एकदा डोळे दाखवतो, तळपायाला टोचून घेतो, मूत्रपिंडाचा कागद आणतो. तोंड मात्र कुणी बघितलं नव्हतं आणि मीही दाखवलं नव्हतं. दिवसभर उघडंच असतं, त्यात दाखवायचं काय?

बाईंनी मग मला आरसा धरायला लावून धडा दिला. १९९३ साली हॅराल्ड ल्यो नावाच्या मूळच्या नॉर्वेच्या दंततज्ज्ञांनी लिहून ठेवलंय, की हिरड्यांचा आजार ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत आहे. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाच आपल्याला पाठ असतात. सहावीचं नाव कुणी घेत नाही. मला एकदम कर्ण आठवला. पाच पांडवांची नावं पोरगंही सांगतं. सहावा भाऊ कुळातलाच, पण त्याला पंक्तीत पाट नाही. शिवाय कीर्तनात ऐकलेलं, की रणात पडलेल्या कर्णानं शेवटचं दान म्हणून स्वतःचा सोन्याचा दात पाडून दिला. आपण मधुमेही लोक तर याचक दारात येण्याचीही वाट पाहत नाही. हिरडी सैल होते, हाड झिजतं आणि दात आपणहून हातात येतो. तेही न दुखता. हिरडीचा आजार बराच काळ दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

साखर आणि हिरडी यांचं नातं जुन्या वाड्यातल्या सासू-सुनेसारखं. भांडण कुणी सुरू केलं ते सांगता येत नाही. साखर चढली, की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि हिरडीची सूज हटत नाही. सूज राहिली, की ती इन्शुलिनचं काम अडवते आणि साखर आणखी चढते. यातली चांगली बाजू अशी, की एकीची समजूत काढली की दुसरीही थोडी निवळते. दातांच्या मुळापर्यंतचा थर काढून हिरड्या नीट केल्या, तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची ती तपासणी, सुमारे ०.४ अंकांनी उतरलेली दिसते. गोळ्या चालू ठेवायच्याच, पण ०.४ साठी मी दिवाळीतले अनारसे सोडलेत, म्हणून मला त्या आकड्याचं अप्रूप.

साफसफाई झाल्यावर बाईंनी माझा नंबर लिहून घेतला. “बारा आठवडे मेसेज येतील. मधुमेह असलेल्या सगळ्यांना पाठवतो. उत्तर मात्र द्यायचं हं, काका.” साधे एसएमएस, कारण पुष्कळ पेशंटांकडे अजून बटणांचाच फोन असतो.

एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरांची मुभा आणि मराठीला फक्त ७०, हे मला तेव्हा कळलं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची प्रत्येकी वेगळी तिकिटं. ‘हिरड्या’ आपण तीन अक्षरी वाचतो, मोबाइल सात मोजतो. मराठी माणसाला ७० अक्षरांत नुसतं ‘कसं काय, बरंय ना’ उरकत नाही. पण पुणेरी पाटी लिहिणाऱ्याला हे काम दिलं, तर दहा अक्षरं शिल्लक टाकून वर अपमानही करेल. आमच्या बाईंच्या पाट्या सौम्य होत्या. ‘रक्त आलं तरी हलकेच घासा. थांबू नका.’ ‘ब्रश मऊ घ्या. भांडी नाही, हिरड्या आहेत.’ ‘दात काढायला उपाशी जाऊ नका. गोळी चुकवू नका.’ एकादशीला आलं, ‘साबुदाणा दातांत बसतो. खिचडीनंतर चूळ भरा.’ दुप्पट खाण्याची एकादशी त्यांना ठाऊक होती. रात्रीचा प्रश्न मी एकदा बोटांवर मोजला. रिकाम्या जागा धरून बरोबर पस्तीस, म्हणजे ७० चे निम्मे. पास व्हायला तेवढे पुरतात.

तसं आरोग्याचं ज्ञान माझ्या मोबाइलवर उतू जात असतं. माजी विद्यार्थ्यांच्या गटावर सकाळी भेंडीचं पाणी येतं, दुपारी कारल्याचा रस, रात्री ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’. हे सगळे सांगतात. विचारत कुणीच नाही. भेंडी भिजवली का, म्हणून आजवर एकाचाही फोन आला नाही. साडेनऊचा तो एसएमएस तेवढा विचारायचा.

विचारणं आणि सांगणं यांतला फरक मास्तराला तरी माहीत असायला हवा. फळ्यावर लिहिलं म्हणजे शिकवलं, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. शिकवणं सुरू होतं ते वही तपासताना. पण वह्या तरी किती तपासणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात मधुमेही आहेत १० कोटींच्या वर. एकेकाच्या दारात उभं राहून दाताच्या कण्या करायच्या, तर सांगणाऱ्यांच्याच बत्तिश्या संपायच्या. म्हणून हे काम मोबाइलकडे आलं. २०१६ साली केंद्र सरकारनंही अशी सोय केली होती, की मिस्ड कॉल द्या आणि मधुमेहाचे संदेश मिळवा. मिस्ड कॉल हा आपला राष्ट्रीय शोधच. पैसा न घालवता ‘पोचलो’, ‘खाली ये’, ‘गॅस बंद कर’ एवढं सगळं सांगणारी दुसरी लिपी जगात नसेल.

माझ्या खोट्याचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. चार दिवस मी १ दाबत राहिलो, शाबासक्या गोळा करत राहिलो. पाचव्या दिवशी मन खाऊ लागलं. गृहपाठ न करता ‘वही घरी राहिली’ म्हणणाऱ्या पोरांचे चेहरे आठवले. त्यांना मी बाकावर उभं करत असे. शेवटी धीर करून २ दाबला आणि बोलणी खायला तयार होऊन बसलो. उत्तर आलं, ‘हरकत नाही. अजून झोपला नाहीत ना?’

मी उठलो आणि दात घासले.

कुठल्या तरी संगणकात आधीच भरून ठेवलेलं ते वाक्य, हे मला कळत होतं. पण ते भरताना कुणीतरी माझ्यासारख्या ढ मुलाचा विचार केला होता. पस्तीस वर्षांत गृहपाठ न केलेल्या एकाही पोराला मी ‘हरकत नाही, अजून तास संपला नाही ना?’ असं म्हटलेलं आठवेना. हिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “माझ्या दाताच्या कण्या झाल्या, तेव्हा कुठे तुमचे दात घासले गेले. श्रेय मोबाइलला द्या.”

आणखी एक गोष्ट मेसेजात नव्हती, ती अनुभवानं कळली. एकदा घासलेल्या तोंडाला चिवडा नको वाटतो. साडेनऊला ब्रश फिरला, की स्वयंपाकघराला आपोआप कुलूप लागतं.

बारा आठवडे संपले. शेवटचा मेसेज आला, ‘आता सवय तुमची. सहा महिन्यांनी दाखवून जा.’ दुसऱ्या रात्री साडेनऊला मोबाइल गप्प. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा ऐकू आली नाही, तेव्हा वाटलं होतं तसंच काहीसं वाटलं.

मग मी गावाकडच्या बाळमित्राला फोन लावला. त्यालाही साखर आहे आणि सकाळी तो मशेरी लावतो. म्हटलं, “रात्री दात घासतोस का?”

“आरं मास्तर, दात हायेत किती अन् घासायचे किती!”

“किती आहेत?”

त्यानं जिभेनं मोजले असावेत. “अकरा.”

“मग अकरा घास. पण मशेरीनं नाही. भाजली, दळली, तरी ती तंबाखूच.”

बराच घोळ घालून शेवटी ठरलं. रात्री घासून झालं, की त्यानं मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे घासले. रिंग आली नाही, की मी फोन करणार, पण रागावायचं नाही, फक्त एवढंच म्हणायचं, ‘अजून झोपला नाहीस ना?’ पहिल्या आठवड्यात चारदा म्हणावं लागलं, दुसऱ्यात एकदा. मशेरी अजून सुटलेली नाही. पण परवा ‘मऊ ब्रश कुठला घिऊ’ म्हणून त्यानं आपणहून विचारलं.

काल रात्री पुतणीच्या डोहाळजेवणाहून उशिरा आलो. येताना डब्यात दोन बेसनाचे लाडू दिलेले. ही झोपली होती. दिवा न लावता मी डबा उघडला आणि पहिला लाडू अर्धा झाला, तोच मोबाइल वाजला. एक रिंग. म्हटलं, शाबास! एवढ्यात पुन्हा वाजला. दुसरी रिंग.

दोन रिंगांचा अर्थ आम्ही कधी ठरवला नव्हता. तरी मला तो बरोबर कळला.

उरलेला अर्धा लाडू डब्यात ठेवून मी ब्रश घेतला.