शंकांची बारनिशी

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि 1861 पासून राजधानीपदाचा मान उपभोगणारे आमचे नागपूर त्या पदावरून पायउतार झाले. राजधानी हलते तेव्हा ती एकटी हलत नाही; तिच्यामागून कपाटे जातात, कपाटांतले दप्तरांचे रुमाल जातात, रुमालांना लागलेली कसर जाते, आणि त्या कसरीच्या सहवासात ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घालवली ते कारकून सर्वांच्या शेवटी जातात. सचिवालयातील हिंदी भाषिक मंडळी बहुतांशी भोपाळास आणि मराठी भाषिक मुंबईस, अशी वाटणी झाली. तीत मी मुंबईच्या वाट्यास आलो. बदलीच्या हुकुमात रुजू होण्याची तारीख होती, प्रवासभत्त्याचा उल्लेख होता. परंतु मुंबईत राहावयाचे कोठे, याविषयी सरकारने अत्यंत सभ्य असे मौन पाळले होते.

माझी नोकरी बारनिशीवरची. आलेला कागद आवकेत चढवावा आणि गेलेला जावकेत उतरवावा, एवढाच व्यवसाय वर्षानुवर्षे केलेल्या मनुष्याच्या मनाला असे काही वळण पडते की, जे जे येईल त्याची नोंद केल्यावाचून त्याला अन्न गोड लागत नाही. हुकूम हाती पडला त्या रात्रीच मी एक कोरी वही काढली, तीत अनुक्रमांक, तारीख, विषय आणि शेरा असे रकाने आखले आणि मनात येणाऱ्या शंकांची आवक रीतसर नोंदवण्यास प्रारंभ केला. विषय : पाणी. विषय : मुलांच्या शाळा. विषय : खोली आम्हांस पसंत पडली नाही तर. विषय : खोलीच्या मालकास आम्ही पसंत पडलो नाही तर. आठवड्याभरात वहीची निम्मी पाने भरली. जावकेचा भाग मात्र कोराच राहिला, कारण शंका हा असा कागद आहे की त्याचा निकाल लागला तरी तो दप्तर सोडून जाण्यास राजी नसतो.

या आवकेत मोलाची भर घातली ती महाल भागातल्या आमच्या वाड्यात समोरच्या सोप्यात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त नाझरांनी. बडनेऱ्याच्या पलीकडे त्यांनी आयुष्यात पाऊल टाकले नव्हते, त्यामुळे मुंबईविषयीचे त्यांचे ज्ञान अनुभवाने कोठेही मलिन झालेले नव्हते. "घर? तिथं घर भेटत नाही बापा, पागडी भेटते," असे म्हणून ते पानाला चुना लावीत. यात मात्र तथ्य होते. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवल्यापासून ती घेतल्यावाचून खोली देणारा मालक मुंबईत विरळा, असे आमच्याआधी गेलेले सहकारीही पत्रांतून कळवीत होते. "अन् हवा अशी का मीठ पाझरते, काडी पेटत नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या गावात काडी पेटत नाही तिथं संसार कसा पेटन?" या प्रश्नातील शेवटच्या क्रियापदाचा विचार मी मुद्दामच केला नाही. घरी येऊन 'विषय : मीठ' आणि 'विषय : आगकाडी' अशा दोन नोंदी तेवढ्या केल्या.

पत्नीने ती वही एके दिवशी दिव्याखाली बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ती हसेल किंवा रडेल अशी माझी अपेक्षा होती. तिने रेल्वेचे वेळापत्रक मागितले.

"अहो, एवढ्या काळज्या एकदम न्यायच्या म्हणजे गाडीत जागा कुठं आहे? यांना स्टेशनं नेमून देऊ. पाणी वर्ध्याला. वर्ध्याच्या आधी पाण्याचं नाव काढायचं नाही. शाळा बडनेऱ्याला. खर्च अकोल्याला, तिथं कापसाचे व्यापारी चढतात, पैशाचं बोलायला सोबत होईल."

"आणि शेगाव?"

"शेगाव आत्याबाईंचं. तिथं तुम्ही मधे पडायचं नाही."

"नाझरसाहेबांचं मीठ?"

"ते मनमाडला. आणि सगळ्यात मोठी कोणती आहे?"

मी पान उलटून दाखवले. 'विषय : परत येता आले नाही तर.' तिने ते दोनदा वाचले आणि पेन्सिलीने समोर 'भुसावळ' असे लिहिले. तिथे गाडी बराच वेळ थांबते, एवढेच कारण तिने दिले.

कार्यालयीन मनुष्याचा एक गुण असा की, वेळापत्रक अन्यायाचे असले तरी तो ते पाळतो. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी स्वस्थ झोपलो; पाण्याची शंका आली होती, परंतु तिला वर्ध्याची मुदत दिलेली असल्याने मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

नोव्हेंबर सरत असताना आम्ही नागपूर स्टेशनावर आलो. सामानात ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या, सुरई, संत्र्यांची करंडी, आमच्याबरोबर निघालेल्या माझ्या आत्याचा पाटा-वरवंटा आणि वाळ्याची ताटी एवढा ऐवज होता. पाटा नेण्यास मी विरोध केला. त्यावर आत्याने "मुंबईचा दगड मला ठाऊक नाही," असे उत्तर दिले आणि त्याचा प्रतिवाद करण्याइतका मुंबईचा दगड मलाही ठाऊक नव्हता. वाळ्याची ताटी मात्र माझा हट्ट. वैशाखात ती दाराला बांधून तिच्यावर पाणी शिंपडावे आणि आत येणाऱ्या गारव्यात वाळ्याचा वास घेत पडून राहावे, हे ज्याने नागपुरात अनुभवले आहे त्याला तिचा त्याग करवत नाही. मग पुढचे शहर समुद्राच्या काठी का असेना. पार्सल कचेरीतल्या कारकुनाने ताटीकडे, नंतर पाट्याकडे आणि नंतर माझ्याकडे सारख्याच तटस्थ नजरेने पाहून 'घरगुती सामान, जुने' असे वर्णन लिहिले आणि पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का मारला. तो शिक्का वाचून मी दचकलो. इतकी स्पष्ट भाषा मी सरकारी हुकुमातही पाहिली नव्हती.

नागपूर ते मुंबई हे अंतर 520 मैलांचे. अजनी गेले, बुटीबोरी गेली. मी वही मांडीवर घेऊन पाण्याच्या शंकेसाठी सज्ज बसलो. वर्धा आले आणि नेमका त्याच वेळी खिडकीशी चहावाला आला, पाठोपाठ सेवाग्रामला जाऊन आलेले खादीधारी जोडपे डब्यात शिरले, त्यांना जागा करून देण्यात, त्यांचा चरखा आत्याच्या पाट्यावर पडणार नाही हे पाहण्यात आणि चहा संपवण्यात गाडी सुटली. पुढे पुलगाव. पुलगावी पाण्याची चिंता करणे म्हणजे मुदत टळून गेलेला अर्ज घेणे; ते मी आयुष्यात कधी केले नव्हते. मी शेऱ्याच्या रकान्यात 'मुदतबाह्य' असे लिहिले. बडनेऱ्याला अमरावतीची मंडळी उतरली, त्यांच्या गडबडीत आमचा धाकटाही उतरला आणि त्याला शोधून आणण्याच्या धावपळीत त्याच्या शाळेचा विषय राहून गेला. अकोल्याला खरोखरच कापसाचा एक व्यापारी चढला. परंतु त्याने स्वतःच्या खर्चाविषयी अशी काही करुण कहाणी सुरू केली की, माझ्या तुटपुंज्या पगाराबद्दल बोलणे मला उद्धटपणाचे वाटू लागले. शेगावला आत्याने खिडकीतून गजानन महाराजांना हात जोडले आणि बिऱ्हाडाच्या समस्त अडचणी घाऊक प्रमाणात त्यांच्या पायांवर घातल्या. तेवढ्यावर तिने पदर डोक्यावरून घेऊन जी झोप घेतली ती पुढे जळगाव आले तरी मोडली नाही.

भुसावळ मध्यरात्रीनंतर आले. सगळा डबा झोपला होता, पत्नीही झोपली होती, आणि नेमून दिलेली शंका मात्र अगदी वेळेवर हजर होती. मी फलाटावर उतरलो. दिवसा ज्या काळज्यांना नावे असतात, पाणी, शाळा, मीठ, त्या रात्री आपली नावे टाकून देतात आणि छातीवर नुसते एक ओझे तेवढे राहते, हे मला त्या फलाटावर कळले. महालातला वाडा आता दुसऱ्याच्या नावावर भाड्याने गेला होता. पाण्याच्या नळाशी एक गृहस्थ वळकटीवर बसून माझ्याइतक्याच उदासपणे इंजिनांच्या शेडकडे पाहत होते.

"मुंबईला?" मी विचारले.

"मुंबईहून. नागपूरला," ते म्हणाले आणि त्यांनी असा निःश्वास सोडला की, मला प्रथम अपमान वाटला.

ते दादरचे राहणारे, विमा कंपनीत नोकरीला होते. 1 सप्टेंबरला विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि त्या घुसळणीत त्यांची नागपुरास बदली झाली. हयातभर लोकांना भविष्याचे भय घालून त्यांच्या सह्या घेतलेला हा मनुष्य स्वतः नागपूरच्या उन्हाला इतका भ्याला होता की, "तिथे दुपारी रस्त्यावर पक्षी पडतात म्हणे," हे वाक्य त्याने मला खालच्या आवाजात विचारले. "आणि तिखट? आमच्या हिला तिखट सोसत नाही हो. शेजारी समजून घेतील ना? विहिरी आटतात का?"

माझ्या अंगी एकदम वक्तृत्व संचारले. नागपूर शहराचा असा कैवार मी त्यापूर्वी कधी घेतला नव्हता आणि नंतर विधिमंडळातही कोणी घेतलेला ऐकला नाही. अंबाझरीचा तलाव, धंतोलीतली झाडी, सीताबर्डीचा बाजार, हिवाळ्यातली संत्री, वैशाखातली वाळ्याची ताटी, ती कोठे घ्यावी, कशी बांधावी, पाणी किती वेळाने शिंपडावे, हे सर्व मी सांगत गेलो आणि ते एका छोट्या डायरीत उतरवून घेत गेले. मग त्यांना चेव आला. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावेत; आगपेटी चुलीच्या कडेला उबेत ठेवावी; लोकलमध्ये दरवाजापाशी उतरण्याच्या दोन स्टेशने आधी जाऊन उभे राहावे, नाही तर पुढच्या स्टेशनाचे दर्शन फुकट घडते; पहिल्या दिवशी शेजाऱ्याकडे काहीतरी मागावे, म्हणजे त्यालाही आपल्याकडे मागता येते आणि ओळख पक्की होते. ते हे सांगताना इतके खुलले की, आपण दादर सोडून निघालो आहोत याचा त्यांना विसर पडला असावा. शिट्टी झाली. त्यांनी माझा हात धरून "परळला जात असाल तर काही काळजी करू नका," असे सांगितले, आणि मी त्यांना महालातल्या नाझरांचा पत्ता दिला. नाझरांना एखादा नवा श्रोता मिळावा असे मला मनापासून वाटत होते.

मनमाड केव्हा आले ते मला कळले नाही. मिठाचा निकाल भुसावळीच लागला होता.

इगतपुरीस उजाडले. येथे तेव्हा वाफेचे इंजिन काढून विजेचे लावीत, कारण पुढे थळघाट आणि त्याचा उतार 37 फुटांस एक फूट इतका तीव्र. आत्या जागी होऊन खिडकीतून पाहत होती. नवे इंजिन जोडले गेल्यावर तिने बराच वेळ त्याच्या धुराची वाट पाहिली.

"अरे, याला धूर कुठाय?"

"विजेवर चालतं ते, आत्या."

"म्हणजे आत विस्तव नाही. विस्तव नाही म्हणजे जोर नाही. म्हणजे आपल्याच वजनानं खाली जायचं," असे म्हणून तिने पाटा किती शेराचा याचा मनाशी हिशोब केला आणि प्रथमच तो आणल्याचा पश्चात्ताप तिच्या मुखावर दिसला. बोगद्यांच्या काळोखात तिचे रामरक्षेचे शब्द मोठे होत आणि उजेडात आल्यावर लहान होत; कसाऱ्यास पोचेपर्यंत डब्यातल्या अर्ध्या बायका तिच्या मागून म्हणू लागल्या होत्या. पत्नीने मला वही बॅगेत ठेवण्यास सांगितले. "कल्याणपुढचं काही नेमलेलं नाही," ती म्हणाली.

परळच्या ज्या चाळीत एका सहकाऱ्याच्या खटपटीने आम्हांस दोन खोल्या मिळाल्या होत्या, तिथे सामान चढवताना सर्व मजल्यांवरची मंडळी कठड्याशी येऊन उभी राहिली. पाट्याविषयी कोणी काही बोलले नाही. ताटी मात्र कठड्यावरून कठड्यावर चर्चेचा विषय झाली. तिचा काही उपयोग नाही हे मला पहिल्याच संध्याकाळी उमगले, कारण समुद्राच्या हवेने ती पाणी न शिंपडताच ओलसर झाली आणि सबंध मजल्यावर वाळ्याचा घमघमाट सुटला. अखेर ती दोन खोल्यांमध्ये आडोसा म्हणून उभी केली. विमेवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे मी शेजारी काहीतरी मागावयास गेलो. घाईत काय मागावे ते सुचेना, तेव्हा आगपेटी मागितली. ती पहिल्या काडीला पेटली.

पाणी पहाटे चारला येत असे आणि मजल्याला नळ एक. मी कळशी घेऊन बाहेर आलो तेव्हा कठड्यालगत रांग लागलेली होती आणि रांगेच्या तोंडाशी, डोक्यावरून पदर घेऊन, आत्या. कोणाचा नवरा गिरणीत पहिल्या पाळीला जातो, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोणाची सासू कोकणातून कालच आली, याची चौकशी तिने आधीच पुरी केली होती आणि त्या बायकांनी, एरवी एका घागरीवरून भांडणाऱ्या त्या बायकांनी, कोणाच्याही लक्षात न येता न्यायनिवाडा तिच्या स्वाधीन केला होता. पाळीवाल्यांना आधी, तान्ह्याच्या आईला मग, शाळेच्या मुलांना त्यानंतर. दूर कोठेतरी गिरणीचा भोंगा झाला. मी पुढे सरकलो.

"आणि आजी, हे कोण?" एका बाईने विचारले.

"हा? हा आमचाच. याची कचेरी अकराची," आत्या म्हणाली. "याला शेवटी उभा करा. आणि अरे, उभाच आहेस तर त्या वहिनींची घागर तेवढी वर नेऊन ठेव."