तलवार चमकते, तळटीप दिसत नाही
इतिहासाच्या संकेतस्थळांची पारख करायला शिवजन्माच्या तारखेसारखी कसोटी नाही. एकीकडे १६२७, दुसरीकडे १६३०. दोन्हीकडे भगवा फडकतो, तलवार चमकते, लेखकाचे नाव मात्र गनिमी काव्याने पसार झालेले असते. प्रकल्पाची वही उद्याच द्यायची असल्याने विद्यार्थी जिथले चित्र मोठे तिथली तारीख उतरवतो. १६२७ हे साल बखरींतले. १६३०ला आधार जेधे शकावलीचा, ती लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. एवढे सांगणारी तळटीप ज्या पानावर असते, तिथे तुतारी वाजत नाही. काही पानांवर तर दोन्ही तारखा गुण्यागोविंदाने नांदतात: एक मजकुरात, दुसरी चित्राखाली. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ साली स्वीकारली.