तिसरा धडा ऑप्शनला

वाणगावच्या पोरांचं विज्ञान कच्चं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी एकदा डहाणू लोकल पकडून यावं आणि दहावीच्या कुठल्याही पोराला अणू कसा फुटतो ते विचारावं. शेजारी तारापूर. तिथे 1969 पासून अणुवीज तयार होते आहे. विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पाचवा धडा हरित ऊर्जेचा. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा, त्यातून निघणारे बेरियम आणि क्रिप्टॉन, साखळी अभिक्रिया आणि तिला घातलेला लगाम, सगळं घडाघडा. सर फळ्यावर बाण काढतात, पोरं वहीत काढतात. भीती नाही, लाज नाही, पालकांची तक्रार नाही.

त्याच पुस्तकात दोन धडे अलीकडे ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’चा दुसरा भाग आहे. तोही सुरुवातीला जोरात चालतो. अमीबा दुभंगतो, त्याची सुबक आकृती. यीस्टला कळी फुटते, प्लॅनेरियाचे तुकडे करावेत तर प्रत्येकाचा नवा प्लॅनेरिया. मग फूल. वाणगाव म्हणजे मिरचीचा गाव. पुंकेसर, स्त्रीकेसर, फळधारणा या विषयावर मागच्या बाकावरचा पोरगा सरांना चार गोष्टी शिकवेल. आणि मग पान उलटतं, माणूस येतो, आणि सरांचा घसा बसतो.

“हे घरी वाचून या. आयएमपी नाही. ऑप्शनला टाकलंत तरी चालेल.”

मुलं आज्ञाधारक आहेत, वाचतात. फक्त पुस्तकात नाही, मोबाइलवर वाचतात, म्हणजे बघतात. तिथला मास्तर बीएड नाही, त्याला अभ्यासक्रम नाही, मुलाच्या वयाशी देणंघेणं नाही. पण एक गुण त्याच्यात आहे. तो तास बुडवत नाही.

आता कुणी म्हणेल, खेड्यातली माणसं, संकोच असायचाच. कसला संकोच? गाय माजावर आली की पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि कृत्रिम रेतनाला सरकारी डॉक्टर कधी येणार यावर चावडीत चर्चा होते. वारली घरात लग्न निघालं की सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट बसते, ती सुफलनाची देवी. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. शहरातली माणसं तो चौक फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. संकोच असलाच तर तो आमच्याकडे डांबरी रस्त्याने, फाइलमध्ये बसून आला.

फाइल 2007 सालची. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत आला, त्यातली चित्रं विधिमंडळात गाजली. एरवी कांद्याच्या भावावरही ज्यांचं एकमत होत नाही, ते सत्ताधारी आणि विरोधक इथे एका सुरात बोलले, आणि महाराष्ट्राने लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. हा तोच महाराष्ट्र, जिथे गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला; 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. त्या न्यायालयांचं एक मात्र मानावं लागेल. दंड ठोठावण्यापूर्वी ती अंक तरी वाचत होती.

बंदीचा हिशेब सोपा आहे. 2007 साली जो दहावीत होता तो आता तिशी ओलांडून गेला. तो शिक्षक झाला, पोलीस झाला, ग्रामसेवक झाला, मुलीचा बाप झाला. त्याच्या वर्गात जे पान उलटलं गेलं, तेच तो आता पुढच्या वर्गात उलटतो. वतनं खालसा झाली म्हणतात; हे वतन अजून बापाकडून लेकाकडे बिनबोभाट चालू आहे.

आणि ते फक्त हसण्यावारी न्यावं असं राहिलेलं नाही. 2025 च्या जुलैत, आमचा पालघर जिल्हा 2014 पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होता, त्यातल्या शहापूरच्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पालकांच्या तक्रारीनुसार, पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बसवून पडद्यावर त्या डागांचे फोटो दाखवले, पाळी कुणाला आली आहे ते विचारलं, आणि काही मुलींना आडोशाला नेऊन कपडे उतरवून तपासलं. मुख्याध्यापिकेला आणि एका कर्मचारी महिलेला अटक झाली. बादलीभर पाणी आणि एक पॅड, एवढ्यात मिटणारी बाब होती. पाळी म्हणजे काय हे ज्यांना ‘घरी वाचून या’ म्हणून सांगितलं जातं, त्यांना ती गुन्ह्यासारखी वाटू लागते आणि मग तिचा तपास होतो.

सरकार स्वस्थ आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2014 साली किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. 2018 साली ‘अस्मिता’ आली. झेडपीच्या शाळेतल्या मुलींना तेव्हा पाच रुपयांत आठ पॅड मिळणार होते. 2020 साली ठरलं की प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत होतील आणि आठवड्याला एक तास घेतील. अकरा विषयांत प्रजनन आरोग्यही आहे. 2022 साली मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या. 2024 साली बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले आणि सीसीटीव्ही बसवायचा शासन निर्णय निघाला. म्हणजे मुलांवर नजर ठेवायला कॅमेरा आहे, मुलांशी बोलायला मात्र अजून कुणी मोकळं नाही. आठवड्याचा तो तास गणिताच्या सरांनी उसना घेतला आहे. निळी लोहाची गोळी वाटली जाते. रक्त कमी का, हा प्रश्न सिलॅबसबाहेरचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या वयाला धडा सोसवणार नाही म्हणतात, त्या वयाला संसार सोसवतो.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. मुलांना तूर्त राहू द्या. येत्या पालकसभेत बिल्डिंग फंडाचा विषय बाजूला ठेवून तिसरा धडा मोठ्याने वाचावा. वाचन सरांनी करावं; बाईंवर ढकलू नये. मूल मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे वाक्य दोनदा वाचावं, आणि त्यासाठी सासूबाईंना खास निमंत्रण धाडावं. बापांची हजेरी घ्यावी, सही मजकुराखाली घ्यावी. आणि चहा शेवटी द्यावा. आधी दिला की बापे कप ठेवून शटल पकडायला निघून जातात.