गोधडीचा सरळमार्ग आणि गोलाईचा वाकडेपणा

बीड जिल्ह्यातील गोधडी ही भूमितीच्या दृष्टीने अत्यंत सरळमार्गी वस्तू आहे. जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर अंथरून, कडा आत दुमडून, काठापासून मध्याकडे सरकत जाणाऱ्या धावदोऱ्याने, म्हणजे सुई खालीवर करत पुढे नेणाऱ्या साध्या टाक्याने, ती शिवली जाते. तिला लावलेले ठिगळ चौकोनी असते, फार तर त्रिकोणी, आणि गोल ठिगळ लावत बसणाऱ्या बाईला घरात दुसरे काम उरले नसावे असा निष्कर्ष शेजारणी विनाविलंब काढतात.

या सरळपणाचे मूळ कापडातच आहे. जुन्या लुगड्याच्या काठाला दातांनी जराशी चीर देऊन दोन्ही हातांनी ओढले की ते उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या रेषेत टर्रकन फाटते, त्यासाठी पट्टी लागत नाही, खडू लागत नाही आणि घरातली एकमेव कात्री कोणी कुठे ठेवली याचा तपासही करावा लागत नाही. गोल तुकडा मात्र फाडता येत नाही, तो कापावा लागतो; शिवाय त्याची कड काही ठिकाणी उरेब येते, म्हणजे धाग्याला तिरपी जाते, आणि उरेब कापड हाताळणाऱ्याच्या इच्छेला न जुमानता ताणले जाते.

पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींनी गोधडीचे तुकडे अचूक जुळावेत म्हणून कागदाचा आधार घेतला. कागदावर रेघा आखायच्या, त्याच्यामागे कापड धरून रेघेवरून मशीन मारायची, तुकडा उलटून सपाट करायचा आणि सर्व जोडून झाल्यावर कागद फाडून टाकायचा, अशी ही पद्धत आहे. ती सरळ रेघेवर निर्धोक चालते, कारण सरळ शिवणीवर कापड सपाट उलटते. वक्र शिवणीवर ते तसे उलटत नाही, त्याला चुण्या पडतात. म्हणून गोलाईसाठी फुगीर आणि खोलगट असे दोन तुकडे वेगळे कापून एकमेकांना जोडावे लागतात, आणि खरा तंटा येथे सुरू होतो. शिवणीसाठी पाव इंच माया सोडली, तर पाव वर्तुळाच्या जोडात फुगीर तुकड्याची कापलेली कड खोलगट तुकड्याच्या कडेपेक्षा सुमारे पाऊण इंच लांब भरते, आणि वर्तुळ ताटाएवढे असो की वाटीएवढे, हा पाऊण इंच कमी होत नाही. त्यावर उपाय एवढाच की खोलगट कडेला शिवणरेषेच्या अलीकडे थांबणारे बारीक कातरे द्यावेत, म्हणजे ती पसरते. मग मध्याला मध्य, टोकाला टोक टाचून, खोलगट तुकडा वर ठेवून सावकाश शिवावे. अशा पाव वर्तुळांच्या एका प्रसिद्ध अमेरिकन नमुन्याचे नाव ‘ड्रंकर्ड्स पाथ’, म्हणजे दारुड्याची वाट, असे आहे आणि ते तिकडच्या दारूबंदी चळवळीशी जोडले जाते. महाराष्ट्रातील बायकांनी त्याच हेतूने, दारूचे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानात, आडव्या बाटलीच्या चिन्हाला मते दिली, ज्यात उरेब कडेचा त्रास नव्हता.

गोधडी सरळ शिवली जाते यावरून बीडच्या बायकांना गोलाई जमत नाही असा समज करून घेणे धाडसाचे ठरेल. पोलक्याची बाही ज्या खोलगट भागाला जोडली जाते तो मुंढा ही याच जातीची शिवण आहे, आणि शिवणक्लासात जाणारी मुलगी ती आधी जुन्या वर्तमानपत्रावर कापून शिकते, त्यामुळे कधीकधी एखाद्या पुढाऱ्याची छबी मुंढ्याच्या गोलाईत खांद्यापासून निकालात निघते. कातरे कमी पडले तर काखेत चुणी येते आणि गिऱ्हाईक पोलके परत आणते. गोधडीबाबत अशी तक्रार करणारे गिऱ्हाईक नसते, कारण पांघरणारा झोपलेला असतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, पाटोदा या भागांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या सामानात कोयत्याबरोबर गोधड्यांचे गाठोडे असते, आणि कोपीतल्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीतल्या, उघड्या जमिनीवर अंथरायच्या वस्तूकडून जाडी अपेक्षित असते, कलाकुसर नव्हे. शरीर गोल असेल तेथे गोलाई खर्चावी आणि अंथरूण चौकोनी असेल तेथे ती वाचवावी, हा त्यामागचा चोख हिशेब आहे. ज्यांना हौसेने गोलाई शिवायची असेल त्यांनी कातरे देताना कंजुषी करू नये, पण पहिली गोधडी सरळच शिवावी. थंडीला दोन्हींतला फरक कळत नाही.