शुक्रवारचा रतीब

नंदनवनातील आमच्या शेजारच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशास रजई टांगून, जो तरुण रॅपर दर शुक्रवारी एक नवे गाणे जगास सादर करतो, त्याच्या नियमितपणास सरकारी दप्तरातील कोणत्याही बारनिशी कारकुनाने मुजरा करावा. गुणवत्ता आणि संख्या यांचा समतोल कसा साधतोस, असे विचारता तो विनयाने म्हणाला, "काकाजी, तीस सेकंद वाजलं का मोजनीत येते, बाकीचं कोन ऐकून राह्यलं?" स्पॉटिफायच्या दप्तरी तीस सेकंदांचे श्रवण खरोखरच एक श्रवण म्हणून रुजू होते, आणि २०२४ पासून वर्षाकाठी हजार श्रवणे न भरणाऱ्या गाण्यास कवडीही मिळत नाही, तेव्हा एकतिसाव्या सेकंदावर प्रतिभा खर्चणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

जवळच रेशीमबागेत ज्यांच्या नावे भव्य सभागृह उभे आहे, त्या सुरेश भटांनी १९६१च्या ‘रूपगंधा’नंतर ‘रंग माझा वेगळा’साठी १९७४ आणि ‘एल्गार’साठी १९८३ उजाडू दिले. बावीस वर्षांत अवघे तीन संग्रह! एवढ्या मुदतीत आमचा तरुण अकराशे चव्वेचाळीस गाणी हातावेगळी करील.

हा अखंड पुरवठा घरोघरी पोचावा, म्हणून कचरागाडीवर रोज त्याचेच नवे गाणे वाजवावे, असा अर्ज मी सिद्ध केला; परंतु गल्लीतील गृहिणींनी सही देण्यास साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे एवढेच, की गाडीचे गाणे वर्षानुवर्षे एकच आहे म्हणून ठीक. ते बदलले, तर गाडी कचरा न्यायला आली की टाकायला, हे समजावे कसे?