नाना आणि १ जानेवारी

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. ती परत येण्याची वाट सगळेच पाहतात, पण आमच्या सोसायटीतल्या नानांइतक्या आशेने कोणी पाहत नसेल. लाईट आली की पंखे गरगरतात, फ्रीज घुरघुरतो आणि थोड्याच वेळात कुठल्या तरी मजल्यावरून हाक येते, "नाना, आमचा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये हो!" नानांनी तोवर शर्ट घालून ठेवलेला असतो.

नाना हे पद प्रत्येक सोसायटीत भरलेलं असतं. बँकेतून किंवा टेलिफोन खात्यातून निवृत्ती, मुलगा परदेशात, गुडघे शाबूत, एवढी पात्रता पुरते. आमच्या नानांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला तो ऑफिसातल्या एसीच्या खोलीत, चपला दाराबाहेर काढून. आत 'हात लावू नये' अशी पाटी होती म्हणे. त्या पाटीचा सूड ते अजून उगवताहेत. लॅपटॉप त्यांना आवडत नाही, कारण तो सरळपणे उघडत नाही. मोबाईलबद्दल तर ते बोलतच नाहीत. जीव आहे तो फक्त जुन्या डेस्कटॉपवर. कधीतरी थोरल्याच्या एमएससीआयटीसाठी घेतलेला, आता टॅलीपुरता नाहीतर पत्रिका काढण्यापुरता उरलेला. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली विंडोज एक्सपीला रामराम ठोकला. नानांनी अजून ठोकलेला नाही.

येताना हातात श्रीखंडाचा रिकामा डबा असतो. त्यात स्टार स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, रंगाचा ब्रश, खोडरबर, दोन-चार यू-पिना आणि उरलेले स्क्रू. कॅबिनेट उघडून पुन्हा लावलं की एखाददुसरा स्क्रू उरायचाच. कंपनी उगाच जास्त स्क्रू लावते, असं नानांचं मत आहे.

आधी जबानी होते.

"लाईट गेली तेव्हा काय चालू होतं?"

"काही नाही नाना, बंदच होता," वहिनी सांगतात.

"बंद होता, की नुसता स्क्रीन बंद होता?"

वहिनी चहा टाकायला आत जातात. नानांना उत्तर मिळालेलं असतं.

मग प्लग, मग केबल, मग यूपीएस. यूपीएस हा आपल्याकडे बहुतेक घरांत वजनदार एक्स्टेंशन बोर्ड म्हणून वापरतात. आतली बारा व्होल्टची बॅटरी केव्हाच वारलेली असते, पण हिरवा दिवा लागतो तोवर कुणाला संशय येत नाही. कितीतरी तक्रारी इथेच मिटू शकतील. पण नानांचा चहा अजून यायचा असतो, शिवाय कॅबिनेट न उघडता परत जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

झाकण निघालं की नाना हळवे होतात. पंख्यावरची धूळ ब्रशने झाडताना "काय दशा केलीये" असं पुटपुटतात आणि त्या घरातल्या सगळ्यांकडे एकेकदा बघतात. मग रॅम. दोन्ही टोकांच्या खिट्या बाहेर ढकलायच्या, पट्टी सरळ वर उचलायची आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं. हे थोतांड वाटतं, पण नाही. त्या दातांवर मळाचा थर बसतो, संपर्क तुटतो आणि मशीन नुसतं बीप बीप करत बसतं. पट्टी पुन्हा बसवताना खिट्यांचा 'खट्' असा आवाज आला की नाना मान डोलावतात. तेवढ्यासाठी ती दोनदा बसवल्याचंही मी पाहिलं आहे.

त्यानंतर टॉर्चच्या उजेडात कपॅसिटर. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांवर कच्चे कपॅसिटर लागले. त्यांची डोकी फुगायची, फुटायची. नाना एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवतात. एसएमपीएसचा डबा मात्र ते कधी उघडत नाहीत. आत तीनशे व्होल्टच्या वर दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. त्याची परीक्षा बाहेरूनच: मोठ्या कनेक्टरातली हिरवी आणि काळी वायर यू-पिनेने जोडायची. पंखा फिरला तर डबा जिवंत. त्या क्षणी खोलीतली पोरं चार पावलं मागे सरकतात आणि नानांची उंची दोन इंच वाढते.

एवढं होईस्तोवर तासभर जातो. खरा गुन्हेगार नानांनी पहिल्या मिनिटाला ओळखलेला असतो. स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर' असं आलेलं असतं, किंवा कोपऱ्यात १ जानेवारी अशी तारीख पडलेली असते, तीही कुठल्या तरी जुन्या सालातली. मदरबोर्डवर तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून हा आकडा, हे नाना दर वेळी सांगतात. लाईट असताना तारीख आणि सेटिंगं जपण्याचं काम एसएमपीएसच्या पाच व्होल्टवर चालतं, त्यामुळे सेल मेलेला असला तरी पत्ता लागत नाही. बोर्डावरचं बटण बंद झालं किंवा गुरुवार आला, की मशीन सगळं विसरतं. हार्ड डिस्क कुठल्या पद्धतीने वाचायची हेही कधी कधी विसरतं, आणि मग विंडोज निळा पडदा टाकून बसतं. डिस्क ठणठणीत असते, पण दुकानदार ती 'गेली' म्हणून सांगतो. विंडोज उघडलंच, तरी जुन्या तारखेमुळे बँकेची साइट दारातूनच परत पाठवते. वहिनींना वाटतं व्हायरस आला.

इथे नानांचा स्वभाव कळतो. ते डिलीट बटण दाबून सेटअपमध्ये शिरतात, तारीख घालतात, डिस्कची सेटिंग जागेवर आणतात, मशीन सुरू करून देतात. आणि सेल? "बघू पुढच्या खेपेला. चालतंय तोवर चालू द्या." पैशाची गोष्ट म्हणाल, तर तो सेल चहा-वड्याच्या पैशांत येतो. ज्ञानाची म्हणाल, तर ते वर आलंच आहे. पण सगळ्या इमारतीतले सेल नवे झाले, तर गुरुवारी संध्याकाळी नानांनी शर्ट कशासाठी घालायचा?

त्यांच्या बाजूने एक मान्य करायला हवं. दुकानात मशीन नेलं की मदरबोर्ड बदलायलाच सांगतात. नानांनी आजवर कुणाला नवीन काही घ्यायला लावलेलं नाही. गेलाच, तर एखादा स्क्रू जातो.

तुमच्या घरी असा डेस्कटॉप असेल आणि लाईट गेली की तो तारीख विसरत असेल, तर सीआर २०३२ घड्याळवाल्याकडेही मिळतो. प्लग काढा, जुना सेल हळूच उचकटा आणि नवा बसवा, प्लसची बाजू वर ठेवून. सेटअपमध्ये तारीख आणि डिस्कची सेटिंग एकदा पाहून घ्या. मात्र हे काम एखाद्या सोमवारी उरका, आणि जिन्यात नाना भेटले तर बोलू नका.